वजन उठत नाही त्या दिवशी

ताकदीच्या खेळात लपायला जागा नसते. क्रिकेटच्या सरावात दिवस खराब गेला तर खेळपट्टीवर ढकलता येतं, फुटबॉलमध्ये दहा जणांच्या आड उभं राहता येतं. बारवर मात्र आकडा असतो. गेल्या सोमवारी ११० किलोचे पाच स्क्वॉट आरामात निघाले आणि आज त्याच ११० चा तिसरा रेप, म्हणजे तिसरी उचल, अर्ध्यात अडकला, हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसतं. उचलणाऱ्याच्या डोक्यातून तर ते रात्री झोपेपर्यंत जात नाही. ताकद गेली का? दोन महिने पाण्यात गेले का? आपल्याच्याने हे होणारच नाही का?

वेटलिफ्टिंग असो, पॉवरलिफ्टिंग असो की गावच्या व्यायामशाळेत स्वतःच्या हौसेने केलेली डेडलिफ्ट असो, असे दिवस प्रत्येकाला येतात आणि पुन्हा पुन्हा येतात. तरीही त्यांची तयारी कोणी करत नाही. स्नॅचचं तंत्र शिकवलं जातं, खुराक सांगितला जातो, झोपेबद्दलही आता बोललं जातं. पण वजन उठत नाही त्या दिवशी काय करायचं, हे बहुतेक मुलामुलींना कोणी सांगितलेलंच नसतं. मग ज्याचा-त्याचा स्वभाव त्या दिवसाचा निकाल लावतो. तापट मुलगा आणखी प्लेट चढवतो आणि पाठ धरून बसतो. हळवी मुलगी आठवडाभर हॉलकडे फिरकत नाही.

वाईट दिवस नीट पार पाडणं हेसुद्धा क्लीन अँड जर्कसारखंच शिकायचं कौशल्य आहे, असं मला ठामपणे वाटतं. ते शिकण्यासाठी बारवरचा आकडा नेमकं काय सांगतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

आकडा रोज थोडा हलतोच

एखाद्याची स्क्वॉटची कमाल १५० किलो आहे, असं आपण म्हणतो तेव्हा ती उंचीसारखी पक्की गोष्ट असल्याची आपली समजूत असते. तशी ती नसते. त्याच माणसाची कमाल ताकद काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजली, तर आकड्यात थोडा फरक पडतोच. अशा चाचण्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आहे आणि त्यात हा फरक साधारण चार टक्क्यांच्या आसपास दिसतो. १५० किलोवर चार टक्के म्हणजे ६ किलो. याचा अर्थ १४५ वर अडकलेला दिवस आणि १५० सहज निघालेला दिवस, यांच्यामध्ये ताकद तसूभरही बदललेली नसेल. वेळेचाही परिणाम होतो. बहुतेकांची ताकद सकाळपेक्षा दुपार उलटल्यावर आणि संध्याकाळी जास्त असते. रोज संध्याकाळी सहाला सराव करणाऱ्याने एखाद्या रविवारी सकाळी सातला बार उचलला आणि तो जड लागला, तर त्यात नवल नाही.

यापेक्षा महत्त्वाचं कारण सरावाच्या आतच दडलेलं असतं. १९७० च्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं गणित मांडलं. प्रत्येक सराव शरीरावर दोन ठसे सोडतो, एक क्षमतेचा आणि दुसरा थकव्याचा. क्षमतेचा ठसा हळूहळू पुसला जातो. थकव्याचा मोठा असतो, पण लवकर ओसरतो. एखाद्या दिवशी आपण बारवर जे दाखवतो ती या दोहोंची वजाबाकी असते. जोरदार सरावाच्या चौथ्या आठवड्यात क्षमता वाढलेली असते आणि थकवाही साठलेला असतो. थकवा जास्त असला की वाढलेली क्षमता दिसतच नाही. म्हणून तर स्पर्धेच्या आधी एक-दोन आठवडे सराव कमी करतात. त्या काळात ताकद नव्याने तयार होत नाही, ती झाकणारा थकवा तेवढा उतरतो.

म्हणजे काही वाईट दिवस सराव वाया गेल्याची खूण नसतात. सराव अंगात मुरतो आहे, याची ती खूण असते. हे माहीत असलेला खेळाडू चौथ्या आठवड्यातल्या अडकलेल्या रेपकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याला वाईट वाटत नाही असं नाही, पण घाबरायला होत नाही.

जड असणं आणि जड वाटणं

बारवरचं वजन किलोत मोजता येतं. ते उचलताना लागणारा जोर मात्र उचलणाऱ्यालाच कळतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ही आतली जाणीव आकड्यात पकडण्यासाठी श्रमाची मोजपट्टी तयार केली. ती मूळची ६ ते २० अशी होती. आज पॉवरलिफ्टिंगमध्ये तिचं १ ते १० असं रूप सर्रास वापरतात. १० म्हणजे यापुढे एकही रेप निघाला नसता आणि ८ म्हणजे अजून दोन शिल्लक होते. या मोजपट्टीने एक गोष्ट लक्षात आणून दिली. तेच वजन एका दिवशी ७ वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ९, आणि दोन्ही वेळा उचलणारा खरंच सांगत असतो.

असं का होतं, याची काही कारणं नीट तपासली गेली आहेत. १९९४ मध्ये रायली आणि पियर्सी या संशोधकांनी आठ तरुणांना सलग तीन रात्री फक्त तीन-तीन तास झोपू दिलं आणि त्यांच्याकडून बेंच प्रेस, लेग प्रेस, डेडलिफ्ट असे प्रकार करून घेतले. कमाल वजनाच्या प्रयत्नांपेक्षा त्याहून हलक्या, पुन्हा पुन्हा उचलायच्या वजनांवर झोपेच्या तुटवड्याचा परिणाम जास्त झाला. एका जोराच्या प्रयत्नासाठी माणूस कुठून तरी बळ आणतो, पण पाच सेट, प्रत्येकी पाच रेप, असा कंटाळवाणा सराव झोपेविना ढासळतो. आणि सरावाचा मोठा भाग तर असाच असतो.

२००८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन बार्थोलोम्यू आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बारा आठवडे वजनाचा व्यायाम दिला. आयुष्यात ताण कमी असलेल्यांची बेंच प्रेस आणि स्क्वॉटमधली ताकद, जास्त ताणाखाली असलेल्यांपेक्षा अधिक वाढली. व्यायाम तोच, वजन वाढवण्याची पद्धत तीच, फरक हॉलच्या बाहेरचा. शरीराला परीक्षेचा ताण, घरातलं भांडण, रात्रपाळी आणि स्क्वॉट यांची वेगवेगळी खाती ठेवता येत नाहीत. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेच्या आसपास किंवा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीआधी मुलांचे बार अचानक जड होतात. त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

उपास, उकाडा, कमी प्यायलेलं पाणी, नुकताच उतरलेला ताप, हीही रोजची कारणं. मासिक पाळीचा ताकदीवर सरासरीने फार मोठा परिणाम होतो असं अभ्यासांत दिसत नाही, पण सरासरी म्हणजे प्रत्येक मुलगी नव्हे. कोणाला त्या दिवसांत काहीच जाणवत नाही, तर कोणाला दोन दिवस बारला हात लावणंही नको होतं. तिने ते कोचला मोकळेपणाने सांगावं आणि कोचने ते सहज ऐकून घ्यावं, असं वातावरण हॉलमध्ये असणं हा खेळाडूच्या तयारीचाच भाग आहे.

वस्तादांच्या ओरड्याचं गणित

वाईट दिवसाबद्दल आपल्याकडे एक जुनी, पक्की समजूत आहे: चार शब्द कडक सुनावले की दुसऱ्या दिवशी वजन उठतं. अनेक कोचांचा हा स्वानुभव असतो आणि ते प्रामाणिकपणेच सांगतात. पण या अनुभवातली फसगत मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी दाखवून दिली आहे. हेच कानेमान २००२ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांसमोर ते शिकवत असताना एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाला, की उत्तम उड्डाण केलेल्या मुलाचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो घसरतो आणि वाईट उड्डाण केलेल्याला झापलं की तो सुधारतो. तेव्हा कौतुकाने फायदा होतो, हे आम्हाला सांगू नका.

प्रशिक्षकाने पाहिलेलं खरं होतं, काढलेला निष्कर्ष चुकीचा. कोणाचीही कामगिरी आपल्या सरासरीच्या वर-खाली होत असते. फारच वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बरा असतो, कारण तो सरासरीकडे परततो. फारच चांगल्या दिवसानंतरचा दिवस त्याच कारणाने थोडा फिका असतो. झापलं किंवा कौतुक केलं, तरी हे होणारच असतं. पण कोच नेमका वाईट दिवशी ओरडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सुधारणेचं श्रेय ओरडण्याला देतो. अशी सवय वर्षानुवर्षं पक्की होत जाते.

खेळाडू स्वतःच्या बाबतीत हेच करतो. वाईट दिवशी तो मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी वजन उठलं की त्याला वाटतं, शिव्यांनी काम केलं. पुढच्या वेळी शिव्या वाढतात. या चक्रातून ताकद वाढत नाही. हॉलमध्ये जायची धास्ती मात्र वाढते.

कौतुकाचंही हेच. एखाद्या दिवशी अचानक सगळं हलकं झालं, कमाल आकडा पाच किलोने पुढे गेला, की तोच आता आपला रोजचा आकडा असल्यासारखं खेळाडू वागू लागतो. त्याच्या पुढचे चार-पाच दिवस मग उगीचच वाईट ठरतात. ते खरं तर नेहमीसारखेच दिवस असतात, फक्त मोजण्याची रेघ वर सरकलेली असते.

त्या क्षणी हॉलमध्ये

आता एक दिवस जवळून बघू. समजा, एका मुलीची बॅक स्क्वॉटची कमाल १३० किलो आहे. आज तिला १०५ किलोवर पाच सेट आणि प्रत्येक सेटमध्ये तीन रेप करायचे आहेत, म्हणजे कमाल वजनाच्या साधारण ऐंशी टक्के. रिकामा बार, मग ५०, ७०, ८५, ९५ असं ती चढत जाते. एरवी ९५ वर तीन रेप करून बार ठेवला की अजून सहा-सात निघाले असते, असं तिला वाटतं. आज तीनच निघाले असते असं वाटतंय. खाली बसताना गुडघे आत येतायत, वर येताना बार मध्येच रेंगाळतोय.

“सर, आज नाही होत.”

इथून पुढच्या दहा मिनिटांत त्या दिवसाचं काय होणार, ते ठरतं.

पहिली गोष्ट, वॉर्मअपवरून निकाल लावायचा नाही. ९५ जड लागलं म्हणजे १०५ होणार नाही, असं काही नसतं. थंड अंग, नुकतंच संपवलेलं कॉलेज, पोटात दुपारपासून काही नसणं, यांमुळे सुरुवातीचे सेट जड लागतात आणि नंतर अंग मोकळं होतं. तेव्हा दोन मिनिटं जास्त विश्रांती घ्यायची, ९५ चा आणखी एक सेट मारायचा, लागलं तर केळं खायचं, पाणी प्यायचं.

दुसरी गोष्ट, पहिला ठरलेला सेट करून बघायचा. १०५ चे तीन रेप नीट आले, तर दिवस कुरकुरत का होईना, पुढे चालला आहे. तिसरा रेप ओढूनताणून आला तर वजन उतरवायचं. पाच-पाचच्या प्लेट काढून सव्वा-सव्वाच्या लावल्या की बार ९७.५ वर येतो, म्हणजे सात टक्के कमी. राहिलेल्या चार सेटऐवजी तीन करायचे. ही माघार आधी ठरलेल्या नियमाने झाली, तर तिची बोच राहत नाही. त्या क्षणी रडकुंडीला येऊन घेतलेला निर्णय आणि पंधरवड्यापूर्वी शांत डोक्याने वहीत लिहिलेला नियम, या दोन्हींनी प्लेट तेवढ्याच उतरतात, पण मनावर त्यांचा भार सारखा नसतो.

तिसरी गोष्ट, एकाच वजनावर दोनदा अडकलं तर तो प्रकार तिथेच थांबवायचा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्याच वजनाशी झटत राहिलं, तर अंगात मुरते ती चुकीची हालचाल. स्नॅच आणि जर्कसारख्या वेगाच्या, बारीक तंत्राच्या प्रकारांत तर हे फारच खरं आहे. बार डोक्यामागे पडण्याची सवय लागायला एक हट्टी संध्याकाळ पुरते आणि ती मोडायला महिना जातो.

चौथी गोष्ट, लक्ष कुठे ठेवायचं. वाईट दिवशी डोकं शरीराची झडती घ्यायला लागतं. गुडघा कुठे गेला, कंबर वाकली का, टाचेवर वजन आहे का, असे दहा प्रश्न एका सेकंदात. शिकून अंगवळणी पडलेली हालचाल अशी तुकड्या-तुकड्याने चालवायला गेलं की ती बिघडते. संशोधक गाब्रिएले वुल्फ यांनी आणि त्यांच्यानंतर इतरांनी केलेल्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे, की स्वतःच्या अवयवाऐवजी हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर काम सरस होतं. म्हणून एकच सूचना ठेवायची आणि तीही बाहेरची: ‘जमीन ढकल’, ‘बार छताकडे’. कोचनेही त्या दिवशी सहा चुका सांगू नयेत. एक सांगावी.

पाचवी गोष्ट, शेवट चांगला करायचा. मुख्य प्रकार हुकला तरी रोइंग, पुल-अप, पोटाचे व्यायाम, जे हलक्या वजनावर स्वच्छ होतं ते पूर्ण करायचं आणि मगच बूट सोडायचे. त्याने आठवड्याचं काम बऱ्यापैकी पुरं होतं आणि पुढच्या वेळी हॉलमध्ये शिरताना आठवण फक्त अडकलेल्या रेपची उरत नाही.

हे सगळं लागू होतं ते वजन जड लागण्याला, दुखण्याला नाही. सांध्यात कळ आली, काही तुटल्यासारखं वाटलं, हाताला मुंग्या आल्या, तर नियम एकच: बार खाली. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याची गोष्ट आठवा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो उचललं. दुसऱ्या प्रयत्नात १३९ उचलताना त्याचा कोपर दुखावला. तशाच हाताने तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला, पण वजन उठलं नाही. दोन्ही प्रकारांची त्याची बेरीज २४८ झाली, सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची २४९. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या मंचावर, सुवर्णपदक हातभर अंतरावर असताना, त्याने केलेला तो प्रयत्न समजण्यासारखा आहे, आणि त्याच्या जिद्दीपुढे मान झुकते. पण आपल्या व्यायामशाळेतल्या मंगळवारच्या सरावात तसं पणाला लावण्यासारखं काहीही नसतं. मंचावरची जिद्द सरावात आणली, तर मंचापर्यंत पोचायला खांदा-कोपर शाबूत राहत नाही.

मीराबाईचे दोन दिवस

वाईट दिवसातून कसं निघायचं, याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण वेटलिफ्टर मीराबाई चानूचं आहे आणि ते आकड्यांसकट समजून घेण्याजोगं आहे.

२०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या आधी पतियाळाच्या निवड चाचणीत तिने ४८ किलो गटात एकूण १९२ किलो उचलून कुंजराणी देवीचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. मग रिओ. स्नॅचमध्ये ८२ किलोचा एकच प्रयत्न यशस्वी झाला आणि क्लीन अँड जर्कचे तीनही हुकले. वेटलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे अशा वेळी खेळाडूची बेरीजच धरत नाहीत. निकालपत्रात तिच्या नावापुढे एकूण वजनच नव्हतं. त्या दिवशी कांस्यपदक १८८ किलोवर गेलं, मीराबाईने चाचणीत उचललेल्या वजनापेक्षा चार किलो कमी.

ताकद होती. दिवस गेला. त्यानंतर खेळ सोडण्याचा विचार मनात येऊन गेल्याचं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. तिने मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. कोच विजय शर्मा यांच्याबरोबर ती पुन्हा कामाला लागली आणि २०१७ मध्ये अमेरिकेत अॅनाहाइमला १९४ किलो उचलून विश्वविजेती झाली. लगेच २०१८ मध्ये पाठीच्या दुखण्याने पुन्हा खंड पडला आणि त्या वर्षीच्या आशियाई खेळांना ती जाऊ शकली नाही. २०२० मध्ये ती उपचारांसाठी अमेरिकेत सेंट लुइसला फिजिओथेरपिस्ट आरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. स्नॅच सारखा बिघडण्यामागे नुसतं मन नव्हतं. पाठ आणि खांद्याच्या जुन्या दुखापतींनी शरीराचा तोल गेला होता, त्यावर तिथे काम झालं. वाईट दिवस पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येत असेल तर कारण शोधावं लागतं, नुसता धीर पुरत नाही, हा यातला मोठा धडा.

एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिचा दुसरा कसोटीचा दिवस आला. स्नॅचमध्ये ८५ किलोचे पहिले दोन्ही प्रयत्न फसले. तिसरा हुकला असता तर रिओचीच पुनरावृत्ती. मंचावर वजन उतरवण्याची मुभा नसते. बोलावलेलं वजन तेवढंच ठेवता येतं किंवा वाढवता येतं. तिने आणि कोचने ८६ मागितलं आणि ते उचललं. थोड्या वेळाने क्लीन अँड जर्कमध्ये तिने ११९ किलो उचललं, तो विश्वविक्रम होता. तीन महिन्यांनी टोकियोत २०२ किलोंसह तिने ऑलिंपिक रौप्य जिंकलं.

रिओ आणि ताश्कंद यांच्यामध्ये मीराबाईच्या कारकिर्दीतून वाईट दिवस नाहीसे झाले नव्हते. ताश्कंदची सुरुवात रिओइतकीच वाईट होती. पण दोन फसलेल्या प्रयत्नांनंतर तिसऱ्याकडे जाण्याची वाट तिच्याकडे आता तयार होती. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला ती एका किलोने पदकाला मुकली. तोही दिवस तिने पचवला, कारण हे कौशल्य एकदा शिकून संपत नाही.

त्या रात्रीची वही

सराव संपला, घरी आलो, की मन वकिली सुरू करतं. त्या आधी वहीत काही ओळी लिहून टाकाव्यात. कोणतं वजन, किती रेप, जोर किती लागला. काल किती तास झोप, काय खाल्लं, डोक्यात काय चाललं होतं. वेगवान लिफ्टचा व्हिडिओ असेल तर तो त्या रात्री बघू नये, दुसऱ्या दिवशी कोचबरोबर बघावा. ‘मी कमजोर आहे’ असं वहीत लिहायचं नाही. ‘१०५ वर दुसऱ्या सेटचा तिसरा रेप अडकला, झोप पाच तास’ असं लिहायचं. दुसऱ्या वाक्यावर काही उपाय करता येतो.

स्वतःशी मऊ बोललं तर माणूस ढिला पडतो, अशी भीती अनेकांना वाटते. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी हे तपासलं. त्यांनी विद्यार्थ्यांना एक अवघड चाचणी दिली. ती बिघडल्यावर एका गटाला सांगितलं, की ही अनेकांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. पुढच्या चाचणीसाठी याच गटाने जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला माफ केलं की माणूस पुन्हा चुकीकडे बघायची हिंमत करतो, आणि चुकीकडे बघितल्याशिवाय ती सुधारत नाही. जोर-बैठकांच्या शाळेत वाढलेल्या कोचांनीही हे मनावर घ्यावं. शिस्त सरावात हवी, अपमान कुठेच नको.

एक दिवस की तीन आठवडे

वहीचा खरा उपयोग महिन्याने होतो. जुलैत एक दिवस ऊन पडलं म्हणून शेतकरी घाबरत नाही, पण पावसाने तीन आठवडे खंड दिला तर दुबार पेरणीचा हिशेब मांडावाच लागतो. सरावातही एका दिवसाचा अर्थ लावायचा नाही, सलग दिवसांचा लावायचा. दहा सरावांपैकी दोन-तीन वाईट गेले तर काही बदलू नये. दोन-तीन आठवडे तेच वजन जड लागत असेल, झोप नीट होत नसेल, सारखी चिडचिड, भूक कमी, वारंवार सर्दी-ताप असेल, तर थकवा साठला आहे. मग एक आठवडा वजन आणि सेट निम्म्यावर आणावेत. बहुतेकांचा बार त्यानंतर हलका होतो.

तरीही होत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तातलं लोह कमी असणं फार आढळतं आणि त्याचा थकवा नुसत्या मनोधैर्याने जात नाही. वजनगटात बसण्यासाठी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणाऱ्यांची ताकद घसरते, पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याकडे स्वतंत्र वैद्यकीय प्रश्न म्हणून लक्ष वेधलं आहे. अशा मुलीला ‘मन घट्ट कर’ म्हणणं हा अन्याय आहे. तिला जेवण हवं.

आणि कधी कधी जड झालेली गोष्ट बार नसतेच. हॉलमध्येच नव्हे तर कशातच मन लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो सरावाचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. मीराबाईने मदत मागितली होती. विश्वविजेतीला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्याला वाटायचं कारण नाही.

तुम्ही कोच असाल तर या आठवड्यात एक काम करा. सगळ्या मुलामुलींना बसवून, कोणाचाही दिवस वाईट नसताना, वाईट दिवसाचे नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्या: किती टक्के उतरवायचं, कितव्या चुकीला थांबायचं, शेवटी काय करायचं, दुखलं तर कोणाला सांगायचं. खेळाडू असाल तर आपल्या वहीच्या पहिल्या पानावर ते स्वतः लिहा. कमाल आकडा वाढायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत असे दिवस ढिगाने येतात. शेवटी आकडा वाढतो तो त्या दिवसांनंतरही बुधवारी वेळेवर हॉलमध्ये हजर असणाऱ्यांचा.